मालक अनेक, हिशोब एक: माथाडी कामगारासाठी पाठपुरावा कसा करायचा

बाजारात वीस-पंचवीस वर्षं पाठीवर ओझं वाहिलेला हमाल संघटनेच्या कार्यालयात येतो, चप्पल दाराबाहेर काढतो, आणि खुर्चीच्या कडेवर बसून एकच विचारतो, "माझा हिशोब किती निघंल?" हिशोब म्हणजे फंड, ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे; काम सोडताना हातात पडेल ती सगळी रक्कम. मुलीचं लग्न, गावाकडच्या घराचं छप्पर, बायकोचं गुडघ्याचं ऑपरेशन, हे सगळं त्याने त्या एका आकड्यावर बेतलेलं असतं. आणि तो आकडा त्याला कुणी कधी सांगितलेला नसतो.

कारखान्यातल्या कामगाराला एक मालक असतो. या काकांना पंधरा असतील. सकाळी एका गाळ्यावर गुळाच्या ढेपा उतरवल्या, दहा वाजता शेजारी साखरेचे कट्टे थप्पीला लावले, दुपारी तिसऱ्याच मालकाचा ट्रक भरला. या पंधरा जणांपैकी म्हातारपणाची जबाबदारी कुणाची? महाराष्ट्रात याचं उत्तर सगळ्यांची मिळून असं आहे, आणि ती जबाबदारी गोळा करायला माथाडी मंडळ आहे. माथाडी म्हणजे माथ्यावर-पाठीवर ओझं वाहणारा, आपला हमालच. व्यवस्था चांगली आहे, पण आपोआप चालत नाही. तिच्या मागे लागणारी माणसं लागतात. संघटनेत नव्याने आलेले कार्यकर्ते, समाजकार्याचं शिक्षण घेणारे विद्यार्थी आणि माथाड्यांची शिकलेली मुलंमुली यांच्यासाठी हे लिहितो आहे. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो. पाठपुरावा कामगार सुटायच्या वर्षी करायचा नसतो, दर महिन्याला करायचा असतो. शेवटच्या वर्षी आलेल्या माणसासाठी आपण फार तर भांडतो. पाचव्या वर्षी आलेल्याचं भलं करता येतं.

पहिली पायरी: ही व्यवस्था कशासाठी झाली ते समजून घ्या

१९६९ सालच्या कायद्याचं पूर्ण नाव महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम. त्याआधी हमालाने फंड मागितला की व्यापारी म्हणायचा, "हा माझा माणूस नाही, टोळीचा आहे." टोळी म्हणजे एकत्र काम करणाऱ्या हमालांचा गट. तिचा मुकादम म्हणायचा, "मी कुठला मालक?" दोघंही आपापल्या परीने खरंच बोलत होते, आणि म्हणूनच हमालाला काही मिळत नव्हतं. आपले बहुतेक कामगार कायदे एक मालक आणि एक हजेरीपट धरून लिहिलेले आहेत. ज्याचा मालक तासातासाला बदलतो तो त्या जाळीतून खाली पडतो. कायद्याने त्याला नाव दिलं, असंरक्षित कामगार.

मुंबईच्या घाऊक बाजारांतले माथाडी बहुतेक सातारा, सांगली, पुणे भागातून आलेले. पाटण तालुक्यातल्या अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना बांधली आणि कायद्यासाठी लढा दिला. पुण्यात डॉ. बाबा आढावांची हमाल पंचायत पन्नासच्या दशकापासून उभी होती. मार्ग काही अंशी बंदरावर आधीच सापडला होता. गोदी कामगारांसाठी १९४८ साली केंद्राचा कायदा झाला होता. त्यात मालक आणि कामगार यांच्यामध्ये एक मंडळ बसवलं होतं. तीच कल्पना बाजारात आली. मालक विखुरलेले असले तरी पैसे एका जागी जमा करायचे आणि कामगाराचं खातं तिथे ठेवायचं.

आता यंत्रणा बघा. मंडळाकडे नोंदलेला प्रत्येक मालक महिन्याला आपल्याकडे झालेल्या कामाची मजुरी मंडळात भरतो आणि त्या मजुरीवर ठरावीक टक्के लेव्ही वेगळी भरतो. मंडळ मजुरी कामगाराच्या बँक खात्यात टाकतं. लेव्हीतून मालकाच्या वाट्याचा फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा, सणाच्या सुट्ट्या, औषधपाणी आणि मंडळाचा खर्च भागतो. लेव्हीचा दर मंडळागणिक वेगळा असतो, म्हणून शेजारच्या जिल्ह्याचा आकडा ऐकून भांडायला जाऊ नका. मंडळावर मालकांचे, कामगारांचे आणि सरकारचे असे तिन्ही बाजूंचे प्रतिनिधी असतात.

लेव्ही मालकाने मजुरीच्या वर भरायची असते, मजुरीतून कापायची नसते. कामगाराच्या मजुरीतून त्याच्या स्वतःच्या वाट्याचा फंड कापला जातो, ती गोष्ट वेगळी. नवीन कार्यकर्ते या दोन्हींत हमखास गोंधळतात आणि व्यापाऱ्यासमोर तोंडघशी पडतात.

दुसरी पायरी: परवाना आणि नोंदणी वेगळे ओळखा

काकांना विचारलं, "मंडळात नोंद आहे का?" तर ते खिशातून बाजार समितीचा परवाना काढून दाखवतात. हमाल, तोलणार, मापाडी यांना बाजार समिती परवाना देते. तो आवारात काम करण्याची परवानगी झाली. त्याने फंड चालू होत नाही. फंड चालू होतो माथाडी मंडळाच्या नोंदणीने. तिथे कामगाराला नोंदणी क्रमांक मिळतो आणि बहुतेक ठिकाणी टोळीचाही क्रमांक असतो. परवाना तीस वर्षांचा आणि नोंदणी अकरा वर्षांची, असे काका बाजारात भेटतातच. मधली एकोणीस वर्षं हिशोबात नसतात, आणि हे त्यांना सांगण्याची वेळ आपल्यावर येते. ती वेळ टाळू नका, खोटा दिलासाही देऊ नका.

मंडळ कुठलं तेही नीट बघा. एका शहरात एकापेक्षा जास्त मंडळं असू शकतात. मुंबईत किराणा बाजाराचं वेगळं, कापड बाजाराचं वेगळं, लोखंड-पोलादाचं वेगळं, भाजीपाल्याचं वेगळं. माणूस मधल्या काळात किराण्यातून मालवाहतुकीत गेला असेल तर त्याची खाती दोन मंडळांत विखुरलेली असू शकतात. पहिल्या भेटीतच विचारा, "आधी कुठल्या बाजारात होता?"

तिसरी पायरी: कागद जमवा, आणि नावाकडे डोळ्यात तेल घालून बघा

या पायरीला घाई केली की पुढचं सगळं फसतं. काकांना पुढच्या रविवारी बोलवा, येताना पत्र्याच्या पेटीतलं जे काही असेल ते सगळं आणायला सांगा. निवडून आणा म्हणू नका. त्यांनी बिनकामाचा म्हणून टाकलेला कागदच नेमका कामाचा निघतो.

मला आठवतात ते एक काका. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं जुनं ओळखपत्र, त्याच्यावर काळा-पांढरा फोटो, शाई पुसट झालेली. त्यावर नाव "बाळू". आधारवर "बाळासाहेब". बँकेच्या पासबुकावर आडनाव आधी आणि मधलं नाव गायब. फंडाच्या उताऱ्यावर वडिलांचं नाव चुकलेलं. चार कागदांवर चार माणसं होती, आणि समोर स्टुलावर एकच माणूस बसला होता. हाताचे तळवे इतके कडक झालेले की आधारच्या यंत्रावर बोटांचे ठसे उमटत नव्हते.

हे दुरुस्त व्हायला महिने लागतात, म्हणून आज सुरुवात करा. आधी ठरवा, कायमचं नाव कुठलं ठेवायचं. साधारणपणे आधार आणि बँकेवर जे आहे तेच सोयीचं पडतं, कारण पैसे शेवटी तिथेच जाणार. मग मंडळाकडे नावदुरुस्तीचा अर्ज द्या, सोबत दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, शाळा सोडल्याचा दाखला असेल तर त्याची प्रत, आणि टोळीच्या मुकादमाचं पत्र. नावात मोठाच फरक असेल तर राजपत्रात नाव बदलून घ्यावं लागतं.

जन्मतारखेचाही असाच घोळ. मास्तरांनी शाळेत घालताना लिहिलेली १ जून ही तारीख अर्ध्या टोळीची असते. त्यात काही वावगं नाही. पण मंडळात एक साल आणि आधारवर दुसरं असेल तर निवृत्तीची तारीखच वादात पडते. माणूस चाळिशीत असताना हे मिटवलं तर कुणी फारसं विचारत नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी गेलात की सगळ्यांना संशय येतो.

पेटीतून निघणाऱ्या कागदांत एवढे तरी असावेत: मंडळाचं ओळखपत्र, बँकेचं पासबुक (जुनीसुद्धा), पगाराच्या चिठ्ठ्या, फंडाचे वार्षिक उतारे, बोनस मिळाल्याची नोंद, नामनिर्देशनाची पोच. सगळ्याचे मोबाइलवर फोटो काढा आणि मूळ कागद त्याच दिवशी काकांच्या हातात परत द्या. मूळ कागद आपल्याकडे ठेवायचे नाहीत, कितीही विश्वासाने देऊ केले तरी.

चौथी पायरी: महिन्याचा ताळा मांडा

खरी चोरी कुठे होते ते इथे दिसतं. एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत.

एका कामगाराची महिन्याची मजुरी २०,००० रुपये. त्यातले ९,००० पहिल्या गाळ्यावरचे, ७,००० दुसऱ्यावरचे, ४,००० तिसऱ्यावरचे. लेव्ही ३० टक्के धरू. म्हणजे तिघांनी मिळून मजुरीचे २०,००० आणि लेव्हीचे ६,००० मंडळात भरायला हवेत. पहिले दोघं भरतात. तिसरा व्यापारी संध्याकाळी टोळीला रोख पैसे देतो. कामगार खूश, कारण पैसे आजच हातात आले. मंडळाच्या वहीत मात्र त्याची मजुरी १६,०००च दिसते.

तिसऱ्याने दर महिन्याला लेव्हीचे १,२०० रुपये वाचवले. वर्षाचे १४,४००. पण नुकसान एवढ्यावर थांबत नाही. ग्रॅच्युइटी शेवटच्या वेतनावर ठरते. नेहमीचं सूत्र घ्या: शेवटचं मासिक वेतन भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. तुमच्या मंडळाचा नियम वेगळा असेल तर तो लावा. चोवीस वर्षांच्या नोकरीला २०,००० वर २,७६,९२३ रुपये होतात, १६,००० वर २,२१,५३८. फरक ५५,३८५ रुपयांचा. फंड, बोनस, रजेचे पैसे यांतला तोटा वेगळाच.

हा ताळा टोळीसमोर खडूने फळ्यावर मांडा. "रोख घेऊ नका" असं नुसतं सांगून कुणी ऐकत नाही, आणि त्यांचंही बरोबर आहे. घरात आज पैसे लागतात. पण फळ्यावर ५५,३८५ हा आकडा दिसला की टोळीतला सगळ्यात गप्प माणूस बोलायला लागतो.

ताळा मांडायचा तर पुरावा हवा. मुकादमाची वही हा पहिला पुरावा. कुठल्या गाळ्यावर किती कट्टे उतरले, किती माणसं होती, दर काय, हे बहुतेक मुकादम रोज लिहितात. वही नसेल तर उद्यापासून सुरू करा. शाळेची दोनशे पानी वही पुरते. तारीख, गाळा, माल, नग, दर, कामावरचे कामगार आणि खाली सगळ्यांच्या सह्या किंवा अंगठे, एवढे रकाने आखा. दुसरा पुरावा ट्रकची बिल्टी, म्हणजे मालवाहतुकीची पावती, आणि बाजार समितीची आवकेची नोंद. माल आला होता हे त्यावरून सिद्ध होतं, आणि माल आला म्हणजे कुणीतरी तो उतरवला. तिसरा पुरावा शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे माल विकल्यावर व्यापारी त्याला देतो तो हिशोबाचा कागद. पट्टीत हमाली, तोलाई, वाराई अशा कपाती लिहिलेल्या असतात. हमाली कापून घेतलीय, आणि त्या दिवशी मंडळाच्या कागदावर त्या गाळ्याचं काम शून्य दिसतंय, तर व्यापाऱ्याला उत्तर द्यावं लागेल. शेतकऱ्याच्या खिशातून गेलेले ते पैसे हमालाच्या नावावर दिसत नसतील तर मधे कुठे थांबले, हा प्रश्न दोघांच्याही वतीने विचारायचा असतो. हमाल आणि शेतकरी यांना एकमेकांसमोर उभं करण्याचा प्रयत्न नेहमी होतो. त्याला बळी पडू नका. बाजारातल्या कित्येक हमालांच्या गावाकडे अर्धा एकर असतो. तेच पट्टी घेऊन येणारे असतात.

पाचवी पायरी: अर्ज लिहा, तोंडी बोलू नका

मंडळाच्या कार्यालयात चांगली माणसंही भेटतात. पण त्यांच्याकडे हजारो खाती असतात, आणि तोंडी सांगितलेलं उद्यापर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाही. अर्ज साधा आणि छोटा असावा. एका अर्जात एकच मागणी. मी सहसा असा लिहितो:

"मा. सचिव, माथाडी मंडळ यांस. मी टोळी क्रमांक अमुक, नोंदणी क्रमांक तमुक, गेली अठरा वर्षं आपल्या मंडळात नोंदीत कामगार आहे. १ एप्रिल ते ३० सप्टेंबर या सहा महिन्यांत माझ्या नावावर कोणत्या मालकाने कोणत्या तारखेला किती मजुरी व किती लेव्ही भरली, याचा मालकनिहाय उतारा मला मिळावा. सोबत ओळखपत्राची प्रत जोडली आहे. उतारा कधी मिळेल ते कृपया लेखी कळवावे."

कायद्याची कलमं पहिल्या अर्जात घालू नका. कलम वाचलं की समोरचा माणूस सावध होतो आणि फाइल वरच्या टेबलावर ढकलतो. पहिल्यांदा फक्त उतारा मागा. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. "ठेवा, बघतो" म्हणाले तर नम्रपणे उभे राहा. पोच हाच तुमच्या अर्जाचा जन्मदाखला.

उतारा आला नाही तर माहितीचा अधिकार आहे. मंडळ कायद्याने स्थापन झालेलं आहे, त्यामुळे ते सार्वजनिक प्राधिकरण आहे. अर्जावर १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही नाही. महाराष्ट्राच्या नियमानुसार विषय एकच आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. अर्ज कामगाराच्या स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या खात्याबद्दल करा, म्हणजे "त्रयस्थाची माहिती आहे" हे कारण पुढे येत नाही.

सहावी पायरी: थकबाकी आणि नोंद न करणारा मालक

उताऱ्यात मालक भरत नाही हे दिसलं की मंडळाकडे लेखी तक्रार करा, सोबत वहीच्या पानांच्या प्रती जोडा. निरीक्षकाने गाळ्यावर जाऊन नोंदी तपासाव्यात अशी मागणी करा. तपासणी होईल त्या दिवशी टोळीतला एक तरी माणूस हजर राहील याची काळजी घ्या. नाहीतर कागदावर "कामगार आढळला नाही" एवढंच येतं. मंडळ मालकाचं म्हणणं ऐकून देणी ठरवतं. मालकाने तरीही भरलं नाही तर ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते, म्हणजे प्रकरण महसूल खात्याकडे जातं. बरेच पाठपुरावे इथेच मरतात. मंडळ म्हणतं आम्ही पाठवलं, तहसील म्हणतं आमच्याकडे आलं नाही. म्हणून वसुलीच्या पत्राचा जावक क्रमांक मागून घ्या आणि तो क्रमांक घेऊन तुम्हीच तहसील कार्यालयात जा.

मालक नोंदणीच नाकारत असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, कायद्याला जोडलेल्या अनुसूचीत कुठले उद्योग येतात ते वाचा. लोखंड-पोलाद, कापड, किराणा, मालवाहतूक, रेल्वेचे माल यार्ड, भाजीपाला, कांदा-बटाटा अशी ती यादी आहे. दुसरं, काम कुठलं ते वाचा. फक्त चढ-उतार नाही. थप्पी लावणं, वाहून नेणं, वजन-माप करणं, भरणं, शिवणं, निवडणं, साफ करणं, आणि त्याला लागून असलेली कामंसुद्धा त्यात धरली आहेत. योजना आपल्याला लागू होत नाही असा वाद मालकाने काढलाच, तर तो निकालासाठी राज्य सरकारकडे जातो. तिथे वही पुन्हा कामाला येते.

निवडणं आणि साफ करणं हे शब्द वाचून कोण डोळ्यासमोर येतं? बाजारात धान्य चाळणाऱ्या, मिरच्या निवडणाऱ्या, कांद्याची प्रतवारी करणाऱ्या बायका. सांडलेलं धान्य झाडून गोळा करणाऱ्या. त्यांची मजुरी बहुतेक वेळा संध्याकाळी हातावर ठेवली जाते आणि कुठल्याच वहीत त्यांचं नाव नसतं. ज्या टोळ्यांच्या पुरुषांना मी चांगलं संघटित झालेलं पाहिलंय, तिथेही शेजारी बसून निवडणाऱ्या मावशीची नोंदणी कुणी केलेली नसते. नवीन कार्यकर्त्यांना माझी मनापासून विनंती आहे, बाजारात गेलात की आधी त्या कोपऱ्यात जा. खाली बसा, मग बोला. उभं राहून विचारलेल्या प्रश्नाला तिथे उत्तर मिळत नाही. "ताई, कुठल्या गाळ्यावर किती दिवस?" एवढ्यापासून सुरुवात करा आणि नावं लिहून घ्या.

आणखी एक सांगायला हवं. माथाडीच्या नावाने काम न करता पैसे मागणारी टोळकी आहेत. लोक त्यांना बोगस माथाडी म्हणतात. त्यांच्यामुळे खऱ्या कामगाराची तक्रारही संशयाने बघितली जाते. तुमच्याकडे येणारी प्रत्येक मागणी त्या दिवशी प्रत्यक्ष झालेल्या कामाला जोडलेली असली पाहिजे. ज्याचं काम वहीत नाही त्याच्यासाठी पत्र लिहायचं नाही, मग तो कुणाचाही नातेवाईक असो.

सातवी पायरी: मागे राहणाऱ्यांची सोय आधीच करा

लग्नाआधी नोंदणी झालेल्या कामगाराचं नामनिर्देशन आईच्या नावावर असतं. आई गेली, बायको आली, मुलं झाली, कागद तसाच राहिला. ट्रकवरून पडून किंवा छातीत कळ येऊन माणूस गेला की बाराव्यानंतर वहिनी कार्यालयात येतात, आणि त्यांना दिवाणी न्यायालयातून वारस प्रमाणपत्र आणा असं सांगावं लागतं. वकील, फी, तारखा. ज्या पैशांनी मुलांची वर्षाची फी भरली असती ते अडकून पडतात.

म्हणून दरवर्षी एकदा, दिवाळीच्या बोनसच्या वेळेस, जेव्हा सगळे कामगार कार्यालयाकडे येतातच, तेव्हा नामनिर्देशनाचे कोरे फॉर्म घेऊन बसा. लग्न झालं, मूल झालं, कुणी गेलं, काही बदल असेल तर त्याच दिवशी भरून पोच घ्या. आणि ती पोच घरी नेऊन बायकोच्या हातात द्यायला सांगा. तिला माहीत हवं की मंडळ कुठलं, नोंदणी क्रमांक कुठला, कार्यालय कुठे. मी काही टोळ्यांत हे क्रमांक दाराच्या आतल्या बाजूला खिळ्याने अडकवलेल्या कॅलेंडरवर लिहून ठेवायला सांगितले होते. साधी गोष्ट, पण उपयोगी पडली.

आठवी पायरी: एका माणसाच्या अर्जावरून सगळ्यांच्या मागणीकडे

दहा-पंधरा प्रकरणं केली की तुम्हाला एकच अडचण परत परत दिसू लागेल. सगळ्यांना वार्षिक उतारे मिळत नाहीत, किंवा एकाच बाजारातले तेच दहा गाळे भरत नाहीत. मग सुटे अर्ज थांबवा आणि एकत्र मागणी मांडा. मंडळावरच्या कामगार प्रतिनिधींना भेटा आणि त्यांना बैठकीत विषय घ्यायला सांगा. प्रत्येक कामगाराला वर्षातून एकदा मराठीत मालकनिहाय उतारा, थकबाकीदार मालकांची यादी फलकावर, आणि लेखापरीक्षण वेळेवर, या तीन मागण्यांना कुणालाही उघडपणे नाही म्हणता येत नाही. म्हणून त्यांच्यापासून सुरू करा.

प्रतिनिधींच्या जागाच रिकाम्या असतील तर तो प्रश्न सरकारचा आहे. आमदारांकडून विधिमंडळात तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना देता येते. त्यांना दोन पानांचं टिपण द्या, त्यात भाषण नको, तुमच्या वहीतले आकडे हवेत. कायद्यात बदल येतात तेव्हाही हीच वही कामाला येते. २०२३ मध्ये विधेयक क्रमांक ३४ आलं तेव्हा माथाडी संघटनांनी कडाडून विरोध केला. माथाडी कुणाला म्हणायचं या व्याख्येशी खेळ झाला तर उद्या कोण बाहेर पडेल, याची ती भीती होती. यंत्र आलं म्हणून पाठीवरचं ओझं संपत नाही. फोर्कलिफ्ट थप्पीपर्यंत जातो, पुढचा कट्टा माणूसच उचलतो. असं बोलायचं तर एखाद्या गोदामात महिनाभर मोजलेले आकडे हवेत. भिवंडीसारख्या गोदामांच्या पट्ट्यात ठेकेदारामार्फत काम करणाऱ्या पोरांसाठी हे सगळं आता नव्याने करावं लागणार आहे.

शेजारच्या व्यवस्थांची तोंडओळखही ठेवा. खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी १९८१ च्या कायद्याने अशीच मंडळं आहेत, तिथे वरच्या बहुतेक पायऱ्या जशाच्या तशा चालतात. बांधकाम कामगारांचं मंडळ वेगळं आहे. तिथे बांधकामाच्या खर्चावर उपकर घेतला जातो आणि कामगाराला नोंदणीनंतर योजनांचे लाभ मिळतात, माथाडीसारखं मालकनिहाय खातं तिथे नसतं. बाजारातला माणूस दोन्हींत गोंधळला की त्याला शांतपणे समजावा.

सुरुवात करायची असेल तर एकच टोळी धरा. महिन्याचा एक रविवार ठरवा, पगार जमा झाल्यानंतरचा. सगळ्यांची पासबुकं आणि मुकादमाची वही सतरंजीवर ठेवा. एकाने वहीतला आकडा मोठ्याने वाचायचा, ज्याचं पासबुक त्याने खात्यातला आकडा सांगायचा. दोन्ही जुळले की पुढचा. जिथे जुळणार नाहीत तिथे पेन्सिलीने खूण करा, आणि सोमवारी मंडळाचं कार्यालय उघडायच्या वेळेला ती खूण घेऊन दारात उभे राहा.